सिदूआण्णांचा कान

कराडच्या बाजारात माठ घ्यायला गेलं की आमची आई दुकानात वाजंत्री सुरू करायची. एकेक माठ बोटाच्या पेरानं वाजवायची, कान जवळ न्यायची, नाक मुरडायची, आणि दहा माठ नाकारून अकरावा उचलायची. कुंभारीण कपाळाला हात लावायची आणि मी लाजेनं दुसरीकडे बघायचे. पुढं केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलं, कराडजवळच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, आणि पहिल्याच दिवशी काय बघावं, तर साठी उलटलेला एक उंच, वाळका माणूस अख्खा ट्रक तसाच वाजवून घेतोय.

ते सिदूआण्णा. मूळचे म्हसवडचे, म्हणून सिद्धनाथाचं नाव. आयुष्यातली तीस-बत्तीस वर्षं पार देशाच्या पूर्वेकडच्या एका पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांवर काढलेली. निवृत्त होऊन परत आले तेव्हा आमच्या थोरल्या मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. काम एकच. कोकचा ट्रक आला की तो पास की नापास ते सांगायचं.

फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. आमच्याकडे पंपांचे आणि ट्रॅक्टरचे भाग ओतले जायचे. मधोमध क्युपोला, म्हणजे दोन मजले उंच, उभी, नळकांड्यासारखी भट्टी. वरून कोकचा एक थर, लोखंडाचा एक थर, थोडी चुनखडी, पुन्हा कोक, पुन्हा लोखंड असं भरत जायचं, खालून पंख्यानं वारा मारायचा, आणि तळाच्या भोकातून पातळ लाल लोखंड बाहेर यायचं. वरच्या लोखंडाचा सगळा भार कोकनं पेलायचा आणि जळतानाही उभं राहायचं. कोक चांगला तर सगळं चांगलं. कोक कच्चा असला की तो भट्टीत चुरतो, वारा कोंडतो, आणि लोखंड पेजेसारखं घट्ट होऊन बसतं.

मला वाटायचं, कोक म्हणजे कोळशाचंच इंग्रजी नाव. पहिल्या आठवड्यात तसं बोलून बसले. आण्णा एवढे हसले की त्यांना खोकला आला.

"आगं बाय, कोळसा जाळला की राख व्हती. त्योच बंद भट्टीत, हवा कोंडून, दीस-रात भाजला की त्यातला धूर, डांबर, समदं निघून जातं आन् ऱ्हातो त्यो कोक. शेंगा जाळून कोन खातं व्हय? भाजूनच खात्यात न्हवं?"

त्यांच्या भुवया जवळजवळ नव्हत्याच, भट्टीच्या झळांनी गेलेल्या. गालावर आणि हातांवर बारीक निळसर ठिपके, कोळसा कातडीत शिरून तिथंच राहिलेला. मे महिन्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. आणि पायात लाकडी तळाचे जाडजूड बूट. कोक भट्टीच्या माथ्यावर चालताना रबर वितळतं, म्हणून तिथले कामगार असे बूट घालतात. आमच्याकडे तसली काही गरज नव्हती, पण आण्णांनी ते सोडले नाहीत. फरशीवर खटक खटक असा आवाज आला की साचे भरणारी मोल्डर पोरं विड्या विझवायची आणि मी मोबाईल खणात टाकायची.

ट्रक आला की आण्णा स्वतः वर चढत. चार कोपऱ्यांतले आणि पोटातले कोकचे दगड काढून घेत, वरचे कधीच नाही.

"वरचा कोक म्हंजे दावायची पोरगी," ते ड्रायव्हरला ऐकू जाईल असं म्हणत. "लगीन लागतंय तळातलीसंगं."

मग दोन्ही हातांत एकेक दगड घेऊन ते एकमेकांवर हाणत. चांगला कोक खण्णकन वाजतो, काशाच्या वाटीसारखा. कच्चा नुसता ठप्प म्हणतो. पाच-सहा जोड्या वाजवल्या की निकाल. "पास" म्हणाले की ट्रक आत. "नापास" म्हणाले की ड्रायव्हरनं कितीही गयावया केली तरी ते पुन्हा त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ड्रायव्हर लोक त्यांना मास्तर म्हणायचे.

खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचा राग यायचा. मी कोक दळायचा, वजन करायचा, लॅबच्या छोट्या भट्टीत ठेवायचा, राख किती, ओल किती ते काढायचं, यात माझा अर्धा दिवस जाणार आणि हे गृहस्थ एका मिनिटात टाळ्या वाजवल्यासारखे दगड वाजवून मोकळे होणार. मी "अकरा पूर्णांक आठ टक्के" असं काही म्हटलं की ते गंभीर चेहऱ्यानं "लय भारी" म्हणायचे. माझं नावच त्यांनी टक्केवाली ठेवलं होतं.

एकदा आमची जुंपली. माझ्या हिशेबानं एक ट्रक अगदी व्यवस्थित होता, राख कमी, ओल कमी. आण्णा म्हणाले, "नापास." धाकटे मालक तेव्हा नुकतेच कारभार बघायला लागले होते. सांगलीकडच्या जैन घरातले, शिकलेले, कुणावर आवाज न चढवणारे. ते माझ्या बाजूनं झुकले. कागदावर सगळं बरोबर आहे, मग नाही कसं म्हणायचं? ट्रक आत घेतला. दुसऱ्या दिवशी भट्टीतून लोखंड इतकं सुस्त आलं की निम्मे साचे वाया गेले. मी आण्णांसमोर जाऊन उभी राहिले. शिव्या खायच्या तयारीनंच गेले होते.

"तुजं टक्के खोटं न्हवतं," ते म्हणाले. "राख कमीच व्हती. पर कोक भाजायचा व्हता चोवीस तास, त्यांनी काढला अठरा तासांत. ते राखंत कुटं दिसायचं? डोळं मिट."

मी डोळे मिटले. त्यांनी दोन दगड वाजवले. मग दुसरे दोन.

"कंचा कच्चा?"

"पहिला," मी म्हणाले.

"चुकलीस. उद्या पुन्यांदा."

असे दोन महिने रोज, जेवणाच्या सुट्टीत, मी डोळे मिटून कडुनिंबाखाली बसायची आणि आण्णा दगड वाजवायचे. हळूहळू मला ऐकू यायला लागलं. खण्ण आणि ठप्प या दोन टोकांच्या मध्ये किती पायऱ्या असतात ते कळलं. मग प्रत्येक ट्रकपाशी नमुन्याची पिशवी धरून मी त्यांच्या समोर उभी राहायला लागले. ते वाजवायचे, मी मनातल्या मनात निकाल द्यायची, आणि मग त्यांचा ऐकायची. चुकले की चिडायची, जुळला की दिवसभर खुशीत असायची. शाळेत कधी एवढी हुशार नव्हते मी.

आण्णा स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. बोलले तर भट्टीबद्दल बोलत, आणि त्यातून आपण त्यांना वेचून घ्यायचं. कोक भट्ट्यांची रांग एकदा पेटवली की कधी विझवायची नसते. आतल्या विटा थंड झाल्या की तडकतात, मग सगळी रांगच मोडीत. म्हणून दसरा असो, संप असो, ती तापलेलीच राहते.

"भट्टीला सुट्टी न्हाई, सुतक न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मला ते आधी नुसतं ऐटीचं वाटायचं. मग एकदा कळलं की त्यांचे वडील म्हसवडला वारले तेव्हा आण्णा भट्टीवर होते. रांगेतल्या एका भट्टीचं दार फुटलं होतं, माणसं कमी होती. ते निघून गावी पोचले तो दहावा होऊन गेला होता. बायकोही तिकडंच गेली, आण्णा कामाच्या पाळीवर असताना. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. ते म्हणाले, "सांच्याला घरी गेलो तर घरात चूल थंड. मी भट्टी थंड हू दिली न्हाई बघ कदी. तीस वर्सांत एक डाव बी न्हाई."

मी नमुन्याच्या पिशवीला उगीच गाठी मारत बसले. अवघड वेळी मान खाली घालून हाताला काहीतरी काम द्यायचं, ही माझी जुनी खोड आहे. लिहून ठेवते, कारण पुढं ती नडली.

परत आल्यावर पहिल्या वर्षी ते मोठ्या हौसेनं म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला गेले होते. बत्तीस वर्षं चुकलेला रथ. नवा फेटा बांधला, गुलालात न्हाले, रथाच्या दोराला हात लावायला पुढं घुसले. शेजारच्या तरुण पोरानं अदबीनं वाट दिली आणि विचारलं, "पाव्हणं, तुमी कुणाचं?"

"काय सांगायचं त्याला?" आण्णा म्हणाले. "माझ्या बापाचं नाव सांगितलं. त्यो म्हनला, वळखत न्हाई." एवढं बोलून ते हसले. त्यानंतर ते रथाला गेले नाहीत. कराडलाच एक खोली घेऊन राहिले, कारखान्यापासून चालत वीस मिनिटांवर.

त्यांना एक मुलगी. तिकडंच वाढली, तिकडंच लग्न झालं, बोलणं सगळं हिंदीत. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा आणि रविवारीही आण्णा कारखान्यात असायचे, कारण दुसरीकडे कुठं जायचं हा प्रश्नच होता. मीही महिन्यातून एखाद्या रविवारी जायची. अशाच एका रविवारी ते कडुनिंबाखाली फोनवर बोलत होते आणि मी मागच्या बाकावर डबा खात होते. फोनचा आवाज एवढा मोठा केलेला की मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, सुन रहे हो? मैं पूछ रही हूँ, आप कब आओगे?"

"हां, हां. खाना खा लिया," आण्णा म्हणाले.

"बाबा, खाने का नहीं पूछा. छोटू की तबीयत ठीक नहीं है."

"अच्छा, अच्छा. तुम लोग ठीक? बढ़िया."

"बाबा, आप नाराज हो क्या हमसे?"

"हां. चलो, रखता हूँ."

फोन ठेवून ते समोर बघत बसले. मी डबा बाजूला ठेवला. मला मागचे कितीतरी रविवार आठवले. हीच वाक्यं, याच क्रमानं. खाना खा लिया, तुम लोग ठीक, चलो रखता हूँ. मी समजत होते की जुन्या वळणाचा माणूस, फोनवर कमी बोलतो. आण्णा पाठ केलेली वाक्यं म्हणत होते. पलीकडून काय येतंय ते त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मी उठून समोर गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

"कवापासनं?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, ओठ स्पष्ट हलवून.

"व्हईल दोन वर्सं," ते म्हणाले. "जवळचं, समोरचं जरा कळतंय. तोंड बघून कळतंय. तिकडं पंखं, गाड्या, मशिनी, तीस वर्सं कानात घुमत व्हत्या. आता त्येंनी मोबदला घेतला."

कानाला मशीन का नाही लावत, असं मी खुणेनं विचारलं. लावून बघितलं होतं म्हणे, साताऱ्यात जाऊन, इथं कुणाला दिसू नये म्हणून. त्या मशीनमधून कोक पत्र्यासारखा वाजायचा, चांगलाही आणि कच्चाही. शिवाय कानात मशीन दिसलं की धाकटे मालक काय म्हणतील? बहिरा माणूस कोक कसा ऐकणार?

"कुनाला बोलू नगंस," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ट्रक आला की गेटावरनं हाक येती, आण्णांना बोलवा. ट्रकवाला थांबतो, मालक थांबतो. माझी वाट बघत्यात गं. दुसरं कोन बघतंय माझी वाट?"

मी कुणाला बोलले नाही. आणि गंमत अशी की आण्णांचा निकाल चुकायचाही नाही. ते वाजवायचे, क्षणभर थांबायचे, "पास" किंवा "नापास" म्हणायचे, आणि माझ्या मनातल्या निकालाशी तो दर वेळी जुळायचा. मला वाटलं, हाताला कळत असेल. दगडावर दगड आपटला की तळव्यात झिणझिण्या येतात, त्यावरून ओळखत असतील. इतक्या वर्षांचा हात. मी त्यावर समाधान मानलं आणि जास्त विचार केला नाही.

मग तो दिवस आला. पुण्याहून पंपाच्या एका कंपनीचे तीन साहेब कारखाना बघायला येणार होते. पहिलंच मोठं काम मिळण्याची आशा होती आणि त्याच दिवशी त्यांच्यासमोर भट्टी चालवून नमुन्याचे भाग ओतायचं ठरलं होतं. सकाळी साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ कोकचा ट्रकही आला. धाकट्या मालकांना उत्साह आला. ते साहेबांना घेऊन ट्रकपाशी आले आणि म्हणाले, "आमची खरी लॅब बघा. आमचे आण्णा नुसत्या कानानं कोक ओळखतात."

साहेबांनी मोबाईल काढले, व्हिडिओ सुरू झाले. मोल्डर पोरं हातातलं काम टाकून गोळा झाली. आण्णा ट्रकवर चढले, दगड काढले, खाली उतरले. गळ्याचं बटण चाचपलं. इतक्या वर्षांत त्यांना एवढे प्रेक्षक कधी मिळाले नव्हते. खरं सांगायचं तर त्या दिवशी ते देखणे दिसत होते.

त्यांनी हात वर करून दगड हाणले.

ठप्प.

पुन्हा हाणले. पुन्हा ठप्प. कच्चा कोक, शंकाच नव्हती. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, साहेब हसत होते, मालकांचा चेहरा खुलला होता. मला वाटलं, आता हातानं ओळखतील आणि नापास म्हणतील. आणि दुसरं वाटलं की नाही ओळखलं तर? माझ्या तोंडावर काही दिसलं तर सगळ्यांसमोर त्यांचा पाणउतारा होईल. म्हणून मी काय केलं, तर मान खाली घातली आणि पिशवीच्या तोंडाला गाठी मारायला लागले. वडीलधाऱ्या माणसाचा आब राखायचा म्हणून.

"पास," आण्णा म्हणाले.

टाळ्या झाल्या.

मी लॅबमध्ये आले. भाजताना कोकमधून निघायचा राहिलेला वायू किती, ते काढायची एक चाचणी असते. भट्टीत ठेवायचं, सात मिनिटांनी काढायचं. रोज आम्ही ती करत नसू. त्या दिवशी केली असती तर कागदावर आकडा आला असता, तो घेऊन मी मालकांना बाजूला बोलावलं असतं, आण्णांचं नावही न येता ट्रक थांबला असता. सात मिनिटं. मी नमुना काढून टेबलावर ठेवला. मग साहेब लॅब बघायला आले, मग चहा आला, मग माझ्या मनानं सांगितलं, एका ट्रकनं काय होतंय.

दुपारी भट्टी पेटली. तासाभरातच कळलं. लोखंड आलं ते काळवंडलेलं, जड. मग थांबलंच. खालून वारा जाईना. फोरमननं सळई घालून बघितली आणि मागं वळून मालकांकडे पाहिलं. आत सगळं गोठत चाललं होतं. शेवटी भट्टीचा तळ उघडावा लागला, आणि निम्मं वितळलेलं लोखंड, चुरलेला कोक, सगळा रगाडा खाली वाळूवर कोसळला. कुणाला इजा झाली नाही एवढंच. साहेब निमूट गाडीत बसून गेले. धाकटे मालक सूर्य मावळायच्या आत जेवणारे. त्या दिवशी अंधार पडला तरी त्यांचा डबा टेबलावर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोल्डर पोरं तो गोठलेला गोळा घणानं फोडत होती. मालक कोक पाठवणाऱ्याला फोन लावत होते. सगळा दोष त्याच्याच गळ्यात पडणार होता आणि तो काही निर्दोष नव्हता. आण्णा गप्प राहिले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. खटक खटक करत ते मालकांसमोर जाऊन उभे राहिले.

"मालक, फोन ठेवा. त्येची चूक हायच. पर ती धरायला तुमी मला ठेवलाय. मला ऐकाय येत न्हाई. दोन वर्सं झाली."

घण थांबले. मालकांना आधी ते समजलंच नाही. मग समजलं, आणि ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मी तिथंच होते, चार हातांवर. मला ऐकायला आलं होतं, हे चार शब्द मी बोलायला हवे होते. मी पुन्हा गप्प.

मालक माणूस चांगला. म्हणाले, "आण्णा, तुम्ही कुठं जायचं नाही. गेटवर बसा. नुसते बसा." आण्णांना त्यांच्या ओठांवरून ते कळलं असावं.

"बहिरा वॉचमन?" ते हसले. "चोराला हाक मारून उठवावं लागंल मला."

त्याच दुपारी ते गेले. मी लॅबच्या खिडकीतून त्यांची पाठ बघितली.

कराडची खोली सोडून ते म्हसवडला गेल्याचं कळलं, पण आठ-नऊ महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. रोज जाईन म्हणायचे. मग मालकांनी विजेची भट्टी आणली. बटण दाबलं की लोखंड वितळतं, धूर नाही, कोक नाही. गेल्या महिन्यात गॅस कटर लावून क्युपोला कापली आणि तुकडे ट्रकमध्ये भरून नेले. रिकाम्या जागेकडे बघवेना. मी रजा टाकली, दहिवडीला एसटी बदलली आणि म्हसवडला उतरले.

गावाबाहेर माळाच्या कडेला दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. दार उघडं होतं. आण्णा दाराकडे पाठ करून बसले होते, पायात तेच बूट. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग माझी मलाच लाज वाटली आणि मी वळसा घालून समोर गेले.

"आगं टक्केवाली! कवा आलीस?"

त्यांचा चेहरा इतका उजळला की मला रडू यायला लागलं. मुलीचं विचारलं. ती आता फोन करत नाही, मोबाईलवर लिहून पाठवते, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानानं दाखवलं. "तिला बी सांगून टाकलं. लय रडली म्हनं. मला कुटं ऐकाय आलं?" रोज एक मेसेज. आण्णा अंगठ्यानं एकेक अक्षर दाबून उत्तर देतात. तेवढाच दिवसभरातला संवाद. शेजार असा नाहीच, आणि गावात अजूनही त्यांना कुणी ओळखत नाही.

मी माझ्या मोबाईलवर लिहिलं, "क्युपोला पाडली." त्यांनी ते लांब धरून वाचलं.

"थंड झाली म्हना की," ते म्हणाले. मग उठून कोनाड्यातून दोन दगड घेऊन आले.

"ह्यो तिकडचा, आमच्या भट्टीचा. निवृत्त झालो तवा आनलेला. आन् ह्यो त्या दिसाचा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुला एक सांगायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "दोन वर्सं मी कोक कानानं पास करत न्हवतो. तुझ्या तोंडावरनं करत व्हतो. कच्चा वाजला की तुझ्या भिवया अशा जवळ यायच्या." त्यांनी आपल्या नसलेल्या भुवया जवळ आणून दाखवल्या. "माझा कान गेला, पर तुझा मीच केलेला. म्हटलं, चालतंय. त्या दिशी बघितलं तर तू खाली. भिवया दिसंनात. म्हटलं, पास आसंल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्यांनी ते दगड माझ्या हातात दिले आणि समोर बसले. "वाजीव."

मी वाजवले. तो एक दगड कच्चा, त्यामुळे आवाज यायचा तोच आला. मान खाली घालायची इतकी इच्छा झाली. गाठ मारायला पिशवी नव्हती, आणि दोन्ही हातांत दगड होते. मी चेहरा तसाच वर ठेवला, जे काय त्यावर आलं असेल ते येऊ दिलं. आण्णा माझ्याकडे नीट, डोळे बारीक करून बघत राहिले.

"हां," ते म्हणाले. "नापास."

मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि चहा ठेवायला गेले. त्यांची पाठ माझ्याकडे झाली, म्हणजे बोलणं संपलं. त्या पाठीला मी सगळं सांगितलं. मला ऐकायला आलं होतं हे, सात मिनिटांचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गप्प बसले ते, आण्णा माझं चुकलं, हे सगळं मोठ्यानं, रडत. ते स्टोव्हला पंप मारत होते.

"साखर किती?" त्यांनी वळून विचारलं.

मी एक बोट वर केलं.